शहाजादीची दुलई

इंचनाळकर बाईंनी शहाजादीला पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या व्हरांड्यात, दोन्ही कानांत बोटं घालून उभी असताना. एकोणीसशे बासष्टचा जून होता, गडहिंग्लजातल्या मुलींच्या शाळेत नव्या तिसरीचा पहिला दिवस. घंटा अजून व्हायची होती. पिराजी शिपाई नुकता हातोडी उचलायला वाकला होता. बाकीच्या पोरी आवारात पळत होत्या आणि ही एकटी खांबाला टेकून, डोळे गच्च मिटून, वरून काहीतरी डोक्यात पडणार आहे अशी अंग चोरून उभी होती. पिराजीनं टोल दिले. शेवटच्या टोलाचा घुमारा विरेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं बोटं काढली, एक लांब श्वास सोडला. त्या श्वासाच्या शेवटाला बारीकशी शिट्टी होती.

बाईंनी ती शिट्टी ऐकली आणि सोडून दिली. कारण तेवढ्यात त्यांचं लक्ष पोरीच्या झग्याकडं गेलं होतं. निळा, धुतलेला, नीट झगा, पण उलटा घातलेला. सगळ्या शिवणी आणि दोऱ्यांची टोकं बाहेर.

वर्गात हजेरी झाल्यावर बाईंनी तिला उभं केलं.

"नाव काय तुझं?"

"शहाजादी गैबी नदाफ."

"झगा उलटा आलाय की गं तुझा."

"आला न्हाय बाई. घातलाय."

वर्ग खिदळला. बाईंनी पट्टी टेबलावर आपटली तशी पोर दचकून मागं सरकली.

"का घातलायस?"

"आतली शिवण टोचती."

"ह्या चाळीसजणींना नाही ती टोचत?"

शहाजादीनं मान वळवून सगळा वर्ग खरोखरच एकदा बघून घेतला. मग विचारलं, "त्यास्नी इचारलासा का तुमी?"

आता वर्ग हसला नाही. बाईंना मात्र हसू आलं होतं. ते दाबून त्यांनी तिला दाराआड पाठवलं आणि झगा सुलटा करून घालायला लावला. दिवसभर ती खांदे आखडून, कोपरं अंगापासून दूर धरून बसली. चार वाजता शाळा सुटली तेव्हा आवाराच्या फाटकापाशीच भिंतीकडं तोंड करून तिनं झगा पुन्हा उलटा केला आणि मग घरची वाट धरली.

बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. अकरा वर्षं शिकवत होत्या आणि पोरी ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्यांना वाटायचं. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या जागी त्या "समाधानकारक" असं कधी लिहीत नसत. प्रत्येक पोरीसाठी तिचेच असे तीन शब्द शोधत. पहिल्या चाचणीनंतर त्यांनी शहाजादीच्या पुस्तकात लिहिलं, "हुशार, नाजूक, हट्टी." आणि तिसऱ्या शब्दाखाली एक रेघ ओढली.

हुशार तर ती होतीच. पाढे एकदा ऐकले की पाठ. पण पाटीवर कुणाची पेन्सिल किरकिरली की हिच्या अंगावर काटा यायचा, स्वतःची पेन्सिल ती जिभेवर ओली करून लिहायची. डोक्याला करंजेल चोपडून आलेल्या पोरीशेजारी बसवलं की नाक धरून बाकाच्या टोकाला जायची. शेजारणीचा हात नुसता लागला तरी सांगायची, "बाई, हिला ताप हाय." बाई कपाळाला हात लावून बघत, तर खरंच असायचा. पोरी तिला "उलटी शहाजादी" म्हणायच्या. पिराजी घंटा द्यायच्या आधी लांबून ओरडायचा, "शहाजादी, वाजवू का? हाय हुकूम?" ती कानात बोटं घालून मान हलवायची आणि मग तो टोल द्यायचा. बाईंना तो पोरकटपणा वाटायचा. "पिराजी, तू तिला लाडावून ठेवतोस," असं त्या एकदा म्हणाल्यासुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचा बाप शाळेत आला. गैबी नदाफ उंच, हडकुळा माणूस. भुवया आणि पापण्या सदा पांढऱ्या, कारण धंदा पिंजाऱ्याचा. आठवडी बाजाराच्या मागं त्याचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात आढ्याला टांगलेली कापूस पिंजायची कमान आणि मागच्या खणात संसार. दिवाळी जवळ आली की गावातल्या गाद्या त्याच्या दारात उलगडल्या जायच्या आणि कमानीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा, टँव टँव आवाज दिवसभर चालायचा. त्याची बायको बिबीजान खोळी शिवायची आणि गाद्यांना टाके घालायची.

गैबीनं कागदात बांधलेली एक उशी टेबलावर ठेवली. "बाई, तुमच्या खुर्चीला. दिसभर टणक लाकडावर बसतासा. नवा कापूस हाय, नेसरीकडचा. पोरगीवर नजर असू द्या."

उशी छान होती, लाल छिटाची, कडेला बारीक टाक्यांची वेल. बाई त्या दिवसापासून तिच्यावर बसू लागल्या. आणि त्या दिवसापासून शहाजादी टेबलाजवळ कविता म्हणायला आली की खोकायला लागली. दुसऱ्या कडव्याला आवाज बसायचा, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी यायचं. बाईंना वाटलं, पोर चारचौघांपुढं बोलायला घाबरते. भीती मोडायची तर ज्याची भीती तेच रोज करायला लावायचं, असं त्यांना ट्रेनिंगला असताना शिकवलं होतं. म्हणून त्या तिला रोज टेबलाजवळ बोलवू लागल्या.

डिसेंबरात शहाजादीच्या खाड्यांनी हजेरीची ओळ भरून गेली. एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, बाई तिच्या घरी गेल्या.

शहाजादी उंबऱ्यावर बसली होती, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, पुढं वाकून. बाईंना बघून उठली नाही. खांदे वरखाली होत होते आणि ती जूनमधली शिट्टी आता दोन पावलांवरून ऐकू येत होती.

"आत का बसत नाहीस गं? केवढा गार वारा आहे."

"हितं बरं वाटतंय."

"बघा की बाई," बिबीजान आतून पदराला हात पुसत आली. "हिला धाप लागती. थंडी बसल्या छातीत. आन् ही कार्टी अंगावर पांघरूण म्हणून ठरू देत न्हाय. आमी झाकायचं, हिनं लाथंनं उडवायचं. सारखं बाहेर पळती."

गैबी कमान खाली टेकवून पुढं आला. त्याच्या खांद्यावरून कापसाचा एक पुंजका सुटून हवेत तरंगत राहिला. "बाई, म्या हिच्यासाठी नवी दुलई केल्या. गावात असली दुलई न्हाय कुणाकडं. तीनदा पिंजलाय कापूस. पिंजाऱ्याची पोरगी, आन् थंडीत उघडी बसती! लोक काय म्हणतील?"

त्यानं दुलई आणून दाखवली. मऊ, फुगीर, लाल, आणि तिच्यावरही तीच बारीक टाक्यांची वेल. ती जवळ येताच शहाजादीनं तोंड फिरवलं. "नगो अब्बा. ती चावती."

"चावती म्हणं! कापूस चावतो व्हय?" गैबी बाईंकडं बघून हसला, पण त्या हसण्यात लाज होती. बायकोपुढं, बाईंपुढं, आपल्याच हातच्या कामाची लाज.

बाईंना त्या माणसाची कणव आली. पोरगी निदान बापाचं मन तरी राखेल की नाही! त्या म्हणाल्या, आणि हे शब्द पुढं त्यांना जन्मभर जसेच्या तसे आठवत राहिले, "गैबीभाई, हा हट्ट आहे. तुम्ही नमता म्हणून ती करते. नीट गुंडाळून ठेवा, सुटता येणार नाही असं. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी सवय होईल."

"व्हय बाई," गैबी म्हणाला. शिकलेल्या माणसानं वाट दाखवली की साध्या माणसाचा चेहरा उजळतो, तसा त्याचा उजळला.

त्यानंतर शहाजादी शाळेत आली नाही. पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई पुन्हा निघाल्या. बरोबर सहामाहीचा पेपर घेतला होता. गणितात पन्नासपैकी एकोणपन्नास होते, ते तिला स्वतः दाखवायचे होते. पिराजीही निघाला. "शहाजादीबिगार घंटा द्यायला मजा येत न्हाय बाई," म्हणाला.

घराबाहेर एकदम शांत होतं. कमानीचा आवाज नव्हता. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. गैबीनं त्यांना पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून हसत आत बोलावलं.

"आता ऱ्हायली बघा उगी," तो हळू आवाजात म्हणाला. "चार दिस लई दंगा केलान्. घर डोक्यावर घेतलं. आज सकाळधरनं गप हाय. तुमी सांगितल्यापरमानं केलं."

मागच्या खणात अंधूक उजेड होता. तिथं भिंतीलगत गादी होती आणि गादीवर ती लाल दुलई. दुलईची वळकटी होती. पिंजारी गिऱ्हाइकाच्या घरी गादी पोचवताना जशी घट्ट वळून सुतळीनं तीन ठिकाणी बांधतो, अगदी तशी. खाली एक गाठ, मध्ये एक, वर एक. वरच्या गाठीच्या वर शहाजादीचं डोकं होतं.

क्षणभर, फक्त क्षणभर, बाईंना बरं वाटलं. पोर शांत आहे. सवय झाली. आपण म्हणालो तसंच झालं.

मग त्या पेपर घेऊन खाली वाकल्या.

शहाजादी झोपली नव्हती. डोळे उघडे होते आणि ते बाईंवर नव्हते, कशावरच नव्हते. ओठ पिकल्या जांभळासारखे. नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, आणि आवाज काहीच येत नव्हता. शिट्टीसुद्धा नाही. शिट्टीला लागणारी हवासुद्धा तिच्या छातीत जात नव्हती.

"गैबीभाई!" बाई ओरडल्या. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही. "सोडा! सोडा हे!"

गैबीला कळेना. तो जागच्या जागी उभा राहिला. बाईंनी गाठीला नखं लावली, पण ती पिंजाऱ्याची गाठ होती, गाडीच्या हादऱ्यानंही न सुटणारी. त्यांचं एक नख मुळातून तुटलं. बिबीजाननं खोळी कापायची मोठी कात्री आणली, ती पिराजीनं हिसकावून घेतली. त्यानं सुतळी कापली, घाईत दुलईही फाटली आणि आतला तीनदा पिंजलेला पांढरा कापूस ढगासारखा वर उठला. झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तो भरून राहिला. शहाजादीच्या तोंडावर, पापण्यांवर, उघड्या ओठांवर बसला.

तिचा सुटलेला हात वर आला. तिला बोलता येत नव्हतं. तो हात दाराकडं होता.

पिराजीनं तिला उचलली आणि पळत सुटला. चार आळ्या ओलांडून डॉक्टर आजरींचा दवाखाना. मागून अनवाणी गैबी, त्याच्या मागं बिबीजान आणि बाई. बाजारातले लोक वळून बघत होते. बाईंच्या हातात गणिताचा पेपर तसाच होता. दवाखान्याच्या पायरीवर पोचल्यावर त्यांना तो दिसला.

डॉक्टरांनी काही विचारलं नाही. दंडात इंजेक्शन दिलं, पोरीला बसती केली, पुढं वाकवून उशीला टेकवायला गेले. तिनं मान जोरात बाजूला घेतली. डॉक्टरांनी उशीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि उशी काढून लाकडी स्टूल पुढं ठेवलं. ती त्याच्यावर हात टेकून वाकली. पंधरा मिनिटं गेली. मग शिट्टी परत आली. आयुष्यात एवढा गोड आवाज आपण ऐकला नाही असं बाईंना वाटलं.

ओठांचा रंग बदलू लागल्यावर डॉक्टरांनी चिमट्यानं तिच्या पापणीवरचा कापसाचा तंतू उचलला आणि दिव्यासमोर धरला.

"धंदा काय तुमचा?"

"पिंजारी, सायब."

"हं." त्यांनी तिच्या दंडावरचे सुतळीचे वळ बघितले. आता त्यांचा आवाज बदलला. "बांधली कुणी हिला?"

गैबीनं एकदा, एकदाच, त्यांच्याकडं बघितलं. मग तो मान खाली घालून म्हणाला, "म्याच बांधली सायब. माजी अक्कल."

ज्या माणसाचं लेकरू आपल्या सल्ल्यानं जवळजवळ गेलंच होतं, तो माणूस गावात आपली अब्रू राखतो आहे, हे बाईंच्या ध्यानात आलं. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "नाही डॉक्टर. मी सांगितलं होतं. हट्ट आहे म्हणून मीच सांगितलं."

डॉक्टर रागावले असते तर बाईंना सोसलं असतं. ते रागावले नाहीत. हात धुता धुता म्हणाले, "बाळदमा आहे हा. हिला कापसाची धूळ सोसत नाही. आणि तुम्ही तिला कापसातच गुंडाळलं."

"पण डॉक्टर, तिला तर सगळ्याचाच त्रास होतो," बाई म्हणाल्या. "शिवण टोचते, घंटा सोसत नाही, तेलाचा वास, पाटीची किरकिर... त्यामुळं मला वाटलं, हेही त्यातलंच."

"त्यातलंच असेल." डॉक्टर टॉवेल घेऊन खुर्चीवर बसले. "माझ्याकडं बाळदम्याची जी पोरं येतात, त्यांतली काही अशी असतात. सगळी नव्हेत. ह्यांना साधा आवाजही मोठा वाटतो, कापड रुततं, वास डोक्यात जातो. असं का, ते मला पुस्तकात कुठं सापडलं नाही. पुढचा श्वास मिळेल की नाही याचा ज्याला भरवसा नाही, त्याचं अंग बहुतेक सदा राखण करत बसतं. किंवा आधी तसं अंग आणि मग दमा. मला ठाऊक नाही, बाई. पण एवढं बघितलंय, की आईबाप म्हणतात नाटक करतंय, आणि तपासलं तर पोर खरं सांगत असतं."

शहाजादी स्टुलावरून मान न उचलता म्हणाली, "मी सांगितलतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाईंनी वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं ती बोलली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन बाईंनी जूनपासूनचं एकेक आठवलं. उलटा झगा. दाराआड सुलटा करायला लावलेला झगा. रोज टेबलाजवळ बोलावणं. खुर्चीतली लाल उशी! कित्येक आठवडे त्या पोरीला त्यांनी उशीजवळ उभी करून खोकायला लावलं होतं आणि त्याला भीती मोडणं म्हटलं होतं. आणि पोरी ओळखणारे आपले डोळे? डोळे तर अकरा वर्षं उघडे होते. सोमवारी त्यांनी उशी गैबीला परत दिली आणि प्रगतिपुस्तक मागून घेऊन तिसरा शब्द खोडला. त्या जागी काही लिहिलं नाही. शेऱ्याखाली तेवढी रेघ राहिली.

गैबीनं मात्र कुणाला सहज जमणार नाही असं करून दाखवलं. दवाखान्यातून आल्यावर त्यानं आढ्याची कमान उतरवली. घरातली प्रत्येक गादी, उशी, दुलई बाहेर काढली, जमीन तीनदा धुतली, भिंती पोतेरल्या. लोक विचारायला लागले, "काय रे गैबी, धंदा सोडतोस? खाणार काय?"

"धंदा सोडत न्हाय," तो म्हणाला. "धंद्याला घर सोडाय लावतोय."

गावाबाहेर कडगाव रस्त्याला त्यानं एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि कमान तिथं टांगली. तिथून सुटला की ओढ्यावर अंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि मग घरी यायचा. उंबऱ्यावर शहाजादी बसलेली असायची. ती हात वर करून बापाला थांबवायची, नाक पुढं करून वास घ्यायची.

"अब्बा, कानामागं."

गैबी मुकाट परत फिरायचा, रांजणातलं पाणी घेऊन कानामागं धुवायचा आणि पुन्हा उंबऱ्याशी येऊन उभा राहायचा. "आता, बाईसाब?"

"आता या."

शेजारीपाजारी हसायचे. आळीतला आकाराम एकदा म्हणाला, "पोरीपुढं नाक्यावर उभं केल्यागत उभा ऱ्हातोस की रं!" गैबी म्हणाला, "तिला इचारून गेलो तर ती जिती ऱ्हाती. तू हस की."

शाळेतही बदल झाले, पण त्यांची वाच्यता कुणी केली नाही. शहाजादीचा झगा उलटाच राहिला. बाईंनी तिची जागा खिडकीपाशी दिली, फळा कोरड्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायला लागल्या. घंटेआधी पिराजी "हाय हुकूम?" असं विचारायचा आणि बाई आता मुकाट्यानं थांबायच्या. एखादी नवी पोर कशाला तरी "नको" म्हणाली की त्या लगेच काही बोलत नसत. आधी विचारत, "कसं वाटतंय ते सांग." बाकीच्या शिक्षिकांना वाटायचं, इंचनाळकर बाई मऊ झाल्या. बाईंनी कुणाला कारण सांगितलं नाही. शहाजादीचे ते उघडे डोळे त्यांना अधूनमधून दिसत, भर वर्गात, फळ्यावर लिहिता लिहिता, आणि मग खडू हातात तसाच राही.

दमा गेला नाही. दर थंडीत दोन-चार वेळा तिला दवाखाना गाठावा लागायचा. पण ती "आता येणार" असं आधी सांगायची आणि घरातले ऐकायचे. सातवी झाल्यावर ती शिवण शिकली. यंत्राच्या खडखडाटानं तिचं डोकं उठायचं, म्हणून हातानं. बापाची ती टाक्यांची वेल तिच्या बोटांत उतरली होती.

बाई यंदा, शहाऐंशी साली, निवृत्त झाल्या. शहाजादी बत्तीस वर्षांची आहे. नवरा एसटीत मेकॅनिक आहे. डेपोतून आला की उंबऱ्यावर थांबतो आणि आधी हात धुतो. दोन मुली आहेत. हिवाळ्यात ओढायचं पंपाचं औषध परकराच्या खिशात असतं. ती बाळंतविड्याची झबली शिवते, हातानं, मऊ धुवट सुती कापडाची. गडहिंग्लजात नवं मूल झालं की झबली तिच्याकडून आणतात. सगळ्या शिवणी ती बाहेरच्या अंगाला घेते. घरात गादी नाही. चौघं चटईवर झोपतात.